धरून राहणारं बी

माझ्या वासूच्या पोटऱ्यांचं कुणी कौतुक केलं की मी तिथून निघायचं बघते.

लोकांना काय, दिसतं ते बोलतात. बसथांब्यावर, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास म्हणतं, "काय पोटऱ्या आहेत पोराच्या. पैलवान होणार हा." माझे सासरे, अच्छन, लगेच मिशीवरून हात फिरवतात. "न्यवरा भात आहे तो. आमच्या शेतातला." मी आपली मान खाली घालून चपला शोधायला लागते. त्या पोटऱ्यांत ताकद नाहीये, नुसता फुगवटा आहे. असल्याच पोटऱ्या मी माझ्या धाकट्या भावाच्या पायांना पाहिल्यात. दासन त्याचं नाव. त्यालाही लोक पैलवान म्हणायचे. मग त्याला पायऱ्या चढवेनात. मग जमिनीवरून उठताना तो स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उठायला लागला. मग उठेचना. मिसरूड फुटायच्या आत गेला.

मागच्या ओणमला वासू पाटावरून उठला तो असाच, मांड्यांवर हात टेकत. पंगतीत कुणाच्या लक्षात आलं नाही. मी हातातला घास परत पानात ठेवला.

त्रिशूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सगळं नीट समजावलं होतं. हा दोष रक्तातून येतो, आईकडून मुलाकडे. आईला काही होत नाही, मुलगे भोगतात. औषध नाही. व्यायाम करा, वजन वाढू देऊ नका, पुढे चाकाची खुर्ची लागेल. शशीएट्टन, म्हणजे माझा नवरा, बस चालवतो, घाटातसुद्धा त्याचा हात कधी कापत नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात त्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना.

माझ्या सासूबाई, अम्मा, यांनी मात्र एका वाक्यात निकाल लावला. "म्हणजे तुझ्या माहेराहून आलंय हे." त्यानंतर त्या हे वाक्य कशातही घालायच्या. सांबारात मीठ जास्त झालं तरी माझं माहेर निघायचं. मी उलटून बोलणारी बाई आहे, पण हे तर डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

मला धीर दिला तो अच्छननी. कंडमुत्तन हे अच्छनचं नाव घेतलं की आमच्या चित्तूर भागात लोकांना आधी न्यवरा आठवतो. लाल दाण्याचा, काळ्या तुसाचा, साठ दिवसांत तयार होणारा औषधी भात. बाळंतिणीला, तान्ह्या पोराला, लुळ्या पडलेल्या हातापायांना हाच. घरात पाच पिढ्यांचं बी.

"डॉक्टर काय सांगतो?" अच्छन मला म्हणाले होते. "त्याच्या पुस्तकात न्यवरा आहे का? तुझ्या भावाला काय चोळायचे?"

"न्यवराच, अच्छन."

"कुठला?"

"आमच्या शेतातला. कोल्लंगोडचा."

अच्छन हसले. "तो न्यवरा आहे? अगं, डोंगरावरून वारा सुटला की तुमच्या तिकडे अर्धा भात चिखलात. हात लावला की गळतो. गुरांना घालायचा भात तो. माझी लोंबी झटकून बघ. एक दाणा पडणार नाही. तुझ्या भावाला हा मिळाला असता ना, मोळे, तर आज तुला ओवाळणी घालत असता."

मोळे म्हणजे मुली. ओवाळणी मात्र आमच्याकडे नसते, अच्छन टीव्हीवर बघून बोलतात. पण त्यांचं ते बोलणं मी घट्ट धरून बसले. दासनला खोटं औषध मिळालं, माझ्या वासूला खरं मिळतंय. त्यावर मी तीन पावसाळे काढले.

कर्किडकम लागला, म्हणजे भर पावसाचा तो महिना आला, की आमच्या घरात सकाळीच चूल धगधगते. कुरुन्तोट्टीच्या झुडपाच्या मुळ्यांचा काढा करायचा, त्यात दूध घालायचं, त्यात न्यवरा शिजवून गिच्च करायचा आणि फडक्याच्या पुरचुंड्या बांधायच्या. उरलेल्या काढ्यात त्या बुडवून गरम गरम अंगावर चोळायच्या. दोघींनी दोन बाजूंनी, हात न थांबवता. भाताचा चिकट लगदा फडक्यातून झिरपतो, अंगावर थर चढतो, मग तो नारळाच्या पातीने निपटून काढायचा. नीलकंठन वैद्यर पहिल्या वर्षी आले, मला आणि अम्मांना शिकवून गेले. वासूला गुदगुल्या होतात. तो खिदळतो आणि अम्मा त्याला म्हणतात, "हस, हस. पुढच्या वर्षी पळशील तेव्हा मी कुठे येऊ तुला धरायला?"

पुढच्या वर्षी तो पळाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी शाळेचा जिना चढायला त्याला कठडा लागायला लागला. वैद्यर म्हणाले, मुळाचं दुखणं आहे, हळूहळू उतरेल. मी हो म्हटलं. संध्याकाळी वासू अंगणातून घरात येताना मी स्वयंपाकघरात काहीतरी आपटत बसायचे, उंबरा चढताना त्याला किती वेळ लागतो ते ऐकू येऊ नये म्हणून.

आणि अशात ती शहाना आली.

विद्यापीठातली मुलगी, अंगाने काडी, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली, पायात गुडघ्याएवढे रबरी बूट. न्यवरा मुळात कुठून आला, कोणत्या गावचा कोणत्या गावच्याशी नात्याने लागतो, हे ती पानांतून शोधून काढत होती. गावोगाव फिरून भाताची पानं गोळा करायची.

"पानातून कूळ कळतं?" अच्छननी विचारलं.

"कळतं, अप्पूप्पा." अच्छनना ती अप्पूप्पा, म्हणजे आजोबा, म्हणायची. "प्रत्येक पेशीत लिहिलेलं असतं. आई कोण, बाप कोण, कधी कुठे भेसळ झाली, सगळं."

"मग आमचंच आधी लिही. आमच्यात भेसळ सापडली तर मिशी काढून देईन."

मी दारात उभी होते. पेशीत लिहिलेलं असतं हे वाक्य मी त्रिशूरला ऐकून आले होते, आणि त्यानंतर आमच्या घरात काही धड झालं नव्हतं. मला वाटलं हिला म्हणावं, बाई, चहा घे आणि जा. पण अच्छन तोवर कमरेचं मुंडू वर खोचून तिला शेताकडे घेऊन निघाले होते. नातसून आणल्यासारखे उत्साहात.

भात पिकायला आला होता. अच्छन तिला आपली रीत सांगत होते, मीही मागे उभी राहून ऐकलं. ही रीत त्यांच्या आजोबांपासूनची. कापणीच्या आदल्या दिवशी घरातल्या कर्त्याने शेतात उतरायचं, लोंबी मुठीत धरून झटकायची. जिचे दाणे पडले ती सोडून द्यायची. जिने एकही दाणा सोडला नाही ती बियाण्याला ठेवायची. "जे धरून राहतं तेच बी," अच्छन म्हणाले. "जे स्वतःला सांभाळू शकत नाही ते दुखणेकऱ्याला काय सांभाळणार?"

शहानाने एक लोंबी तळहातावर झटकली. तळहात रिकामाच राहिला. तिने दुसरी झटकली. अच्छन हसत होते. शहानाने वही काढून काहीतरी लिहिलं. मला तिच्या त्या लिहिण्याचीच धास्ती वाटली.

तिने पानं कापली, पाकिटांत घातली. परत येताना पंपाच्या खोपटाजवळ ती थांबली. तिथे बांधाच्या उतारावर भाताचे आपोआप उगवलेले झुबके होते, बुटके, अर्धे वाळलेले.

"हे काय?"

"चोर आहेत ते," अच्छन म्हणाले. "पेरत नाही कुणी. दरवर्षी येतात, आमचं पीक पिकायच्या आधीच पिकतात आणि गळून जातात. उपटून गाईला घालतो."

शहानाने झुबक्याला नुसतं बोट लावलं तर दाणे बुटांवर सांडले. तिने त्याचीही पानं घेतली. मग ओसरीवर बसून तिने उकडलेला कप्पा कंद आणि कांद्याची चटणी खाल्ली, वासूशी पत्त्यांचा डाव खेळली, मुद्दाम हरली. तो उठताना तिने पाहिलं. नजर लगेच फिरवली, पण पाहिलं.

ती गेल्यावर माझा जीव टांगणीला लागला. अच्छन गावभर सांगत होते, आता सरकारी शिक्का बसणार म्हणून. शशीएट्टन म्हणाला, "तू कशाला एवढी घाबरतेस? भाताची परीक्षा आहे, वासूची नाही." त्याला कसं सांगणार? तो भात खोटा निघाला तर तीन पावसाळे मी माझ्या पोराला काय चोळत होते? फोन वाजला की माझ्या हातातलं भांडं निसटायचं. अम्मा म्हणायच्या, "फोड, फोड. माहेराहून आणलीत ना भांडी."

शहानाने फोन केलाच नाही. ती स्वतः आली. थंडीचे दिवस होते. मी तिला चहा दिला तर तिने कप खाली ठेवला आणि सरळ अच्छनकडे बघून बोलली. त्या मुलीचं हे मात्र मला आवडलं. तिने घोळ घातला नाही.

"अप्पूप्पा, हा न्यवरा नाही."

अच्छननी ऐकलं नसावं असं वाटलं. ते वासूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"तुसाचा काळेपणा न्यवऱ्याचा आहे," ती म्हणाली. "बाकी साधा लाल भात. कधीतरी शेजारच्या शेतातून परागकण आले असतील, दोन्हींचा संकर झाला. खरा न्यवरा गळतो, अप्पूप्पा. त्याचा तो स्वभावच आहे. संकर झालेला गळत नाही. तुम्ही न गळणारा निवडत गेलात. दरवर्षी थोडा खरा बाहेर, थोडा खोटा आत."

"माझ्या आजोबांनी..."

"त्यांनीही तेच केलं असेल."

"साठ दिवसांत येतो आमचा," अच्छन म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

मग त्यांनी बोटांवर दिवस मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. आमचा भात साठ दिवसांत येईनासा होऊन कितीतरी वर्षं झाली होती. अच्छन दर वेळी पावसाला बोल लावायचे. घरात सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं.

"आणि ते चोर?" शशीएट्टनने विचारलं.

"तो न्यवरा," शहाना म्हणाली. "अगदी निर्भेळ. मी आजवर बघितलेल्यातला सगळ्यात चांगला."

अम्मा भिंतीला टेकल्या. "देवा. म्हणजे पोराला चोळलं गवत आणि औषध खाल्लं गाईने."

त्यावर मला हसू फुटलं. मी तोंडाला पदर लावून मागच्या दारी पळाले आणि विहिरीपाशी उभी राहून हसले, मग रडले, मग परत हसले. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हिचं डोकं फिरलं. पण मला खरोखर आनंद झाला होता. औषध हरलं नव्हतं. औषध दिलंच गेलं नव्हतं. वासूच्या पायांनी न्यवऱ्याला नाही म्हटलं नव्हतं, त्यांना न्यवरा अजून भेटलाच नव्हता. सगळं पहिल्यापासून सुरू करता येणार होतं.

अच्छन मात्र खचले. मिशी काढली त्यांनी. कुणी मागितली नव्हती, पण न्हाव्याकडे जाऊन काढून आले. वासू त्यांना ओळखेना, मग खूप हसला. अच्छननी त्याला जवळ घेतलं आणि म्हणाले, "मोने, बाळा, तुझ्या आजोबाने तुला फसवलं रे." वासू म्हणाला, "मिशी परत येईल ना?"

बांधावर चोर पुन्हा उगवून पिकले होते, उन्हाळी पेरणीसाठी त्यांचं बी गोळा करायचं काम मी घेतलं. पहाटे दव असतं तोवरच बांधावर जायचं, कारण ओल्या लोंब्या दाणे सोडत नाहीत. एका हाताने खाली सूप धरायचं, दुसऱ्या हाताने लोंबी हळूच वाकवायची. झोपलेल्या पोराच्या कानातलं काढावं तसं. जे आधीच गळलं होतं ते चिखलातून नखांनी वेचलं. गाईला बांधावर फिरकू दिलं नाही, तीही माझ्यावर रुसली. एवढंसं बी जमलं. अच्छननी पंपाजवळची सगळ्यात चांगलं खाचर त्यासाठी मोकळं केलं, आणि घरचं पाच पिढ्यांचं बी त्यांनी उखळात घालून कांडायला लावलं. त्या भाताची पेज आम्ही उन्हाळाभर खाल्ली. चवीला चांगलाच होता तो.

नवा भात भराभर वाढला. बुटका, गर्द हिरवा. आणि तो जसजसा वाढत गेला तसतशी माझी भीती परत आली, नव्या तोंडाने.

आधी मला वाटायचं, भात खोटा निघाला तर? आता वाटायला लागलं, हा खरा आहे, आणि खऱ्यानेही काही झालं नाही तर? खोट्याच्या पाठीमागे लपता येत होतं. याच्या मागे काहीच नव्हतं, उघडं माळरान. मी बांधावर बसून लोंब्या भरताना बघायचे आणि मनात म्हणायचे, हळू. एवढी घाई कशाला करतोस? पण तो साठ दिवसांचा भात, तो कुणासाठी थांबतोय.

तेवढ्यात वासू शाळेच्या जिन्यावर पडला. लागलं नाही फार, हनुवटी फुटली. पण मुख्याध्यापिकांनी बोलावून सांगितलं, त्याचा वर्ग आता खाली घेऊ. चांगल्या बाई आहेत. त्यांनी प्रेमानेच सांगितलं. मी घरी येईपर्यंत वासू माझ्या कडेवर होता आणि त्याचे पाय माझ्या गुडघ्यांवर आपटत होते, एवढा मोठा झालाय तो. वाटेत त्याने मला, म्हणजे त्याच्या अम्माला, विचारलं, "अम्मा, दासनमामा पण खालच्या वर्गात बसायचा?"

"तुला कुणी सांगितलं दासनमामाचं?"

"अच्छाच्छनने." आजोबांना तो अच्छाच्छन म्हणतो. "ते म्हणाले त्याला खोटा भात मिळाला, म्हणून तो गेला. मला खरा मिळणार."

मी त्याला म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार.

कापणी आम्ही सगळ्यांनी मिळून केली, दवात, खाली चादरी अंथरून. तरी निम्मा गळलाच. अच्छन चिखलात बसून एक एक दाणा उचलत होते आणि पुटपुटत होते, गळतोय, गळतोय बघा, आणि त्यांच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी हसू होतं. नीलकंठन वैद्यर आले, त्यांनी दाणा चावून बघितला, डोळे मिटले. "लहानपणी माझ्या वडिलांकडे हा वास यायचा," ते म्हणाले. "कंडमुत्ता, या कर्किडकममध्ये बघू आपण."

सगळं घर कर्किडकमची वाट बघायला लागलं. मी एकटी दिवस पुढे ढकलत होते.

पहिल्या दिवशी सकाळी पाऊस धो धो होता. काढा उकळत होता, पुरचुंड्यांची फडकी मी धुऊन पिळून ठेवली होती. वासू उघडा, लंगोट लावून लाकडी पाटावर आडवा, अंगाला तेल. तेवढ्यात छत्री असूनही भिजलेली शहाना दारात. तिला आजचा दिवस माहीत होता, अच्छननी सांगितला होता. ती आनंदाने आली होती. मी तिला कधीच दोष देणार नाही.

"चेची, कूळ सापडलं," ती मलाच म्हणाली, ताईला म्हणावं तसं. "तुमच्या चोरांचं. मला चैनच पडत नव्हतं, असला शुद्ध न्यवरा या भागात आला कुठून? आसपास कुणाकडेच नाही. मग सगळ्या गावांचे नमुने लावून बघितले. एकाच ठिकाणी जुळला, पण असा जुळला की जुळे भाऊच. कोल्लंगोड. डोंगराच्या पायथ्याशी कालवा संपतो तिथे कुन्नत्त म्हणून घर आहे, त्यांचं शेत."

मी पुरचुंडी बांधत होते. गाठ सुटली.

"ते माझं माहेर," मी म्हटलं.

शहाना टाळी वाजवून हसली. अच्छन खुर्चीतून उठले. आठवायला त्यांना वेळ लागला नाही. "वासूला घेऊन तू माहेराहून आलीस तेव्हा," ते म्हणाले, "तुझ्या आईने गोणी दिली होती. बाळाच्या पेजेला म्हणून. मी ती... मी म्हटलं, हा गुरांचा भात, आणि पंपामागे कोंबड्यांना टाकला." ते माझ्यासमोर आले. म्हाताऱ्याचे डोळे वाहत होते. "मोळे, औषध तुझ्याच घरातून आलं होतं गं. पोराबरोबर दारात आलं होतं. आणि मी फेकलं. माफ कर मला. पण आलं बघ परत. फेकलेलं उगवून आलं."

शशीएट्टनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोही हसत होता. शहाना हसत होती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं की यांतल्या कुणालाच अजून दिसलेलं नाही.

अम्मांना दिसलं होतं. त्या चुलीपाशी पळी धरून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं ज्या बाईने माझं माहेर काढायची एक संधी सोडली नाही, ती आता बोलेल, मी वाट बघत राहिले. खरं सांगते, बोलली असती तर बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं.

"दूध उतू जाईल," अम्मा म्हणाल्या. "इकडे ये."

मी गेले. अम्मांनी पाठ ओसरीकडे केली आणि ढवळता ढवळता हळू आवाजात विचारलं, "तुझ्या भावाला हाच?"

"हाच. याच शेतातला."

"नीट करायची तुझी आई? दूध, काढा, सगळं?"

"सगळं. वैद्यर घरी यायचे."

"किती वर्षं?"

"शेवटपर्यंत, अम्मा."

त्यांनी पळी थांबवली नाही. भात शिजून घट्ट होत आला होता, त्याचा गोडसर वास घरभर पसरला होता, आणि तो वास मला दासनच्या खोलीतला होता. मी चुलीची कड धरली. एवढी भीती मला त्रिशूरला डॉक्टरांसमोर वाटली नव्हती. तिथे निदान डॉक्टरांच्या बोलण्यावर माझा विश्वास नव्हता.

"बाहेर बोलू नकोस," अम्मा म्हणाल्या. "म्हाताऱ्याला एवढा कर्किडकम जाऊ दे. शशीलाही."

"आणि मी?"

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सुटलेली पुरचुंडी माझ्या हातातून घेतली, भात भरला, स्वतः गाठ मारली, घट्ट, आणि परत माझ्या हातात दिली. "तू माझ्याबरोबर चोळ," त्या म्हणाल्या. "एकटीने होत नाही ते."

आम्ही दोघी वासूच्या दोन बाजूंना बसलो. अच्छन उशाशी, शशीएट्टन दाराशी, शहाना ओल्या ओढणीने डोळे पुसत. वासूने मान उचलून माझ्या हातातल्या पुरचुंडीकडे बघितलं.

"अम्मा, हाच तो खरा ना?"

"हो मोने. हाच."

तो विचार करत राहिला. आठ वर्षांचं पोर, त्याला एक गोष्ट दुसरीला जोडायची सवय आहे, माझ्यावर गेलाय. "पण हा तर तुझ्या घरचा आहे. मग दासनमामाला का नाही दिला?"

अच्छनचा हात वासूच्या केसांत होता तिथेच थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. कुणाकडेच बघितलं नाही.

"त्याला मिळाला नाही रे," मी म्हटलं, आणि गरम पुरचुंडी त्याच्या पोटरीवर ठेवली. अम्मांनी दुसरा पाय धरला.